कंकमुखापासून डासाच्या सोंडेपर्यंत

शस्त्रक्रियेच्या ट्रेमधील लहान आर्टरी फोर्सेप्सला आपण ‘मॉस्किटो’ म्हणतो आणि कानातील बोळा काढण्याच्या चिमट्याला ‘क्रोकोडाइल’. रोजच्या धावपळीत या नावांकडे आपले लक्ष जात नाही. वस्तुतः प्राण्यांच्या अवयवांवरून शस्त्रे घडविण्याची परंपरा आपल्याकडे अतिशय प्राचीन आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात १०१ यंत्रांचे वर्णन आहे. त्यांपैकी २४ स्वस्तिकयंत्रे अठरा अंगुळे लांबीची असून त्यांची तोंडे सिंह, वाघ, लांडगा, अस्वल, कावळा, कंक अशा पशुपक्ष्यांच्या मुखांसारखी आहेत. दोन पाती मसुराच्या आकाराच्या खिळ्याने जोडलेली असत. हाडात रुतलेले शल्य उपटून काढणे हे त्यांचे काम. या सर्वांत सुश्रुत श्रेष्ठत्व देतो ते बगळ्याच्या कुळातील कंकाच्या चोचीसारख्या कंकमुख यंत्राला. त्याची कारणे विचारात घेण्यासारखी आहेत: ते जखमेत सुखाने शिरते, आत सहज फिरते, शल्य घट्ट पकडते आणि विनासायास बाहेर येते. म्हणजे निवड रूपावरून नव्हे, कार्यावरून झाली. आतड्याला छिद्र पडले असता काळ्या मुंग्यांकडून त्याच्या कडा चावून धरवाव्यात व धड तोडून डोकी तशीच ठेवावीत, हा त्याच ग्रंथातील उपायही याच दृष्टीचा.

हीच दृष्टी आधुनिक काळात पुन्हा दिसते. १९४१ मध्ये स्वित्झर्लंडमधील अभियंते जॉर्ज द मेस्त्राल यांनी आपल्या कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. प्रत्येक काट्याच्या टोकाशी बारीक आकडा होता. आपल्याकडे आघाड्याची फळे धोतराला चिकटतात, तेव्हा आपण ती वैतागून झटकतो. द मेस्त्राल यांनी मात्र त्या आकड्यांतून ‘वेल्क्रो’ निर्माण केले. रक्तदाब मोजताना रुग्णाच्या दंडाला आपण गुंडाळतो ती पट्टी त्याच वेल्क्रोने बंद होते.

डासाचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. त्याची सोंड म्हणजे एक साधी नळी नव्हे, तर सहा सूक्ष्म शलाकांचा जुडगा. त्यांतील दोन शलाकांना करवतीसारखे दाते असतात. त्या आळीपाळीने पुढे सरकतात, म्हणून कातडीवर फारसा दाब पडत नाही आणि चावा घेतल्याचे पुष्कळदा उशिरा कळते. जपानमधील कान्साई विद्यापीठात सेइजी आओयागी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर दातेरी कडांची, तीन भागांची सूक्ष्म सुई तयार केली. हे भाग कंपन पावत आळीपाळीने आत जातात. हिवताप व डेंग्यू पसरविणाऱ्या शत्रूकडूनच वेदना कमी करण्याची युक्ती शिकावी लागली! रोज बोट टोचून घेणारा मधुमेही किंवा सुईच्या भीतीने लस चुकविणारे बालक डोळ्यांसमोर आणले, म्हणजे या संशोधनाचे मोल ध्यानी येते.

निसर्गाचे निरीक्षण ही आपल्या भूमीलाही परकी गोष्ट नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या राजा तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात हत्ती, घोडे, पक्षी व मासे यांची तपशीलवार माहिती नोंदविली. आज निरीक्षणाची साधने वाढली आहेत; उणीव आहे ती संवादाची. कोणते उपकरण हातात अडते, कुठे रुग्ण कळवळतो, हे डॉक्टरांना ठाऊक असते. ते घडविण्याची विद्या अभियंत्यांजवळ असते. बीदर व कलबुर्गी येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. वर्षातून एकदा तरी आपल्या अडचणींची यादी घेऊन डॉक्टरांनी तेथील विद्यार्थ्यांसमोर बसावे.

आणि मूळ ग्रंथशाळा आपल्या दाराशी आहेच. त्रिपुरांत तळ्याकाठी बगळा उभा राहील, बांधावर आघाडा उगवेल, तोवर तिची पाने उघडीच राहतील. तळे व बांध राखणे हेही म्हणूनच आरोग्याचेच कार्य होय.