घरची जुनी गाडी : निकष काय सांगतात?

भारतात २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली खासगी दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या लेखी ऐतिहासिक वाहन किमान ३० वर्षांचे हवे. ते रोजच्या वापरात नसावे. किंमत किंवा दुर्मीळतेची अट दोन्हीकडे नाही. त्यामुळे ‘अशा गाड्या तर गल्लोगल्ली होत्या’ हा आक्षेप टिकत नाही. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आणि २०१४पर्यंत निघालेली अ‍ॅम्बॅसिडर यांनाही हीच मोजपट्टी लागू होते. मात्र नुसते वय पुरत नाही : चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरबदल झाले असतील तर ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळत नाही. १९८३ची मारुती ८०० भारतीय नियमांची पन्नाशी २०३३मध्ये गाठेल. ‘फिवा’ची वयोमर्यादा तिने २०१३मध्येच ओलांडली.