गव्हाच्या खताचा तोल आणि आपली बाजारपेठ

परभणी-जिंतूर रस्त्यावरील झरीसारख्या गावाची बाजारपेठ शेतीच्या पैशावर चालते. कापड, किराणा वा अवजारे, दुकान कोणतेही असो, गिऱ्हाईक शेतकरीच आणि उधारी वसूल होते ती पीक घरात आल्यावर. शेतकऱ्याचा पैसा खतात वाया गेला तर त्याची झळ आम्हा व्यापाऱ्यांनाही लागते. म्हणून ‘काटेकोर शेती’ म्हणजे काय, हे आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनीही समजून घ्यावे.

योग्य खत, योग्य मात्रेत, योग्य वेळी व योग्य जागी देणे, एवढाच तिचा अर्थ. आपल्याकडे बहुतेक वेळा शेजाऱ्याने किती गोण्या टाकल्या हे पाहून खत टाकले जाते. युरिया स्वस्त आहे. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, त्यामुळे हात सैल सुटतो. पण चुनखडीयुक्त काळ्या जमिनीवर वरचेवर फेकलेल्या युरियातील बरेच नत्र वायू होऊन उडून जाते. जादा नत्राने गहू लुसलुशीत वाढतो, वाऱ्यात लोळतो आणि दाणा भरत नाही. खर्च वाढतो, उत्पन्न वाढत नाही.

हिशेब असा आहे. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद व 40 किलो पालाश अशी सर्वसाधारण शिफारस आहे. एकरी धरल्यास नत्र 48, स्फुरद 24 व पालाश 16 किलो. डीएपीच्या 50 किलोच्या एका गोणीत स्फुरद 23 व नत्र 9 किलो येते. उरलेल्या 39 किलो नत्राला सुमारे 85 किलो युरिया लागतो, म्हणजे दोन गोण्यांपेक्षा थोडा कमीच. त्यातील 33 किलो पेरणीबरोबर व 52 किलो साधारण 21 दिवसांनी, पहिल्या पाण्याच्या वेळी द्यावा. मुकुटमुळे फुटतात ती हीच वेळ. पालाशासाठी पेरणीच्या वेळी सुमारे 27 किलो म्युरेट ऑफ पोटॅश पुरे.

ही मात्रा मध्यम सुपीक जमिनीची झाली. माती तपासून एखादा घटक जास्त निघाला तर त्याची मात्रा पाव हिश्श्याने कमी व कमी निघाला तर तेवढीच वाढवावी, असा साधारण नियम आहे. 2015 साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. पत्रिकेत जस्त, लोह यांसह 12 बाबींची नोंद असते. ती पत्रिका पेटीत न ठेवता खताच्या दुकानी न्यावी.

यापुढची पायरी यंत्राची. हातात धरायचे एक यंत्र पिकावर प्रकाश टाकून परावर्तनावरून नत्राची गरज सांगते. पानाचा रंग पट्टीशी ताडून पाहण्याची पद्धत तर फारच स्वस्त आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात यंत्रमानव व ड्रोन यांच्या शेतीतील वापराचे प्रशिक्षण-संशोधन केंद्र उभे राहिले आहे. झरीच्या तरुणांना ते दूर नाही.

परंतु मोठी यंत्रे येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. दोन चाड्यांच्या पाभरीने बी व खत एकाच वेळी मातीआड पडते, ही काटेकोर शेतीच आहे. पाभर वा ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र दुरुस्त करणाऱ्या आपल्या लोहार, सुतार, वेल्डर बंधूंना इथे काम आहे. यंत्राचे माप असे लावावे: चाकाचा घेर 2 मीटर व पेरणीची रुंदी 2 मीटर असेल, तर चाक उचलून 50 फेरे फिरवावेत. हे 200 चौरस मीटर, म्हणजे सुमारे एकराचा विसावा हिस्सा झाला. एकरी 50 किलो डीएपी द्यायचे असेल तर नळ्यांखाली धरलेल्या पिशव्यांत मिळून अडीच किलो खत पडले पाहिजे. कमी-जास्त पडले तर खताचे छिद्र तेवढे लहान-मोठे करावे. या तपासणीची वाजवी मजुरी शेतकरी आनंदाने देईल.

खत विकणाऱ्या बंधूंनी पत्रिका पाहून गोण्या द्याव्यात. दोन गोण्या कमी विकल्या जातील, पण गिऱ्हाईक टिकेल व उधारी वेळेवर येईल. मापात खोट न करणे ही तिजारतीची पहिली अट आणि इसराफ आपल्या दीनमध्ये नापसंत. शेतातले मापही त्याच इमानाने धरले तर बरकत शेतकऱ्यालाही आहे आणि आपल्यालाही, इन्शाअल्लाह.