वाणी, वड आणि बनियन

रोल्ला (शारजा) : येथील रोल्ला चौकात पूर्वी एक प्रचंड वड उभा होता. स्थानिक अरबीत वडाला ‘रोल्ला’ म्हणतात, आणि त्यावरूनच या वस्तीला नाव पडले. ईदला त्याच्या सावलीत माणसे जमत, फांद्यांना झोके बांधले जात. १९७८ साली तो कोसळला. आता तेथे त्याचे स्मारक आहे.

याच वृक्षाला इंग्रजीत ‘बॅनियन’ म्हणतात. त्या शब्दाचा उगम रोल्लापासून फार दूर नाही. तो आखाताच्या पलीकडच्या इराणी किनाऱ्यावर आहे.

संस्कृत ‘वणिज्’पासून मराठीत ‘वाणी’ झाला, गुजरातीत ‘वाणियो’. अरब आणि पोर्तुगीज यांच्या तोंडी त्याचे ‘बनियान’ झाले व आखातात व्यापार करणाऱ्या हिंदूंना सरसकट तेच नाव मिळाले. सतराव्या शतकात बंदर अब्बास, म्हणजे तेव्हाचे गोंब्रून, येथे अशा व्यापाऱ्यांची वस्ती होती. गावाजवळच्या एका वडाखाली त्यांचे लहानसे देऊळ होते. युरोपीय प्रवासी त्या झाडाला ‘बनियांचे झाड’ म्हणू लागले, आणि एका झाडाचे नाव पुढे साऱ्या वडांना चिकटले. फारसीतही वडाला ‘अंजीरे मआबिद’, म्हणजे देवळांचे अंजीर, असे म्हणतात. वडाला वाण्याचे नाव लाभले ते वाण्याच्या मायदेशी नव्हे, तर तो जेथे परका होता तेथे. मायदेशी वड हा वडच राहिला.

शब्द मात्र तेवढ्यावर थांबला नाही. अठराव्या शतकातील इंग्रज घरी जो सैल झगा घालत, त्यालाही ‘बॅनियन’च म्हणत. भारतात हे नाव अंगालगतच्या सदऱ्याकडे आले आणि मराठीत ‘बनियन’ म्हणून रुळले. (आजोबांचा ‘गंजीफ्रॉक’ हाही परदेशीच, तो ग्वेर्नसी बेटावरून आला.) वाण्याकडची साखर आणि दोरीवर वाळणारा बनियन यांचे कूळ एकच, हे घरात कोणाच्या ध्यानीही येत नाही.

सर्वांत गमतीचा प्रवास ब्रिटिश आरमारातला. वाणी मांसाहार करीत नसत, म्हणून जहाजावर ज्या दिवशी मांस मिळत नसे तो ‘बॅनियन डे’. आज त्याच आरमारात ‘बॅनियन’ म्हणजे किनाऱ्यावरची सहल, आणि तिथे निखाऱ्यांवर मांस भाजले जाते.