अल्पकर्बोदकी आहार आणि धावणे

अल्पकर्बोदकी आहार आणि धावणे ही वजन घटवण्यासाठी एकत्रितपणे अवलंबली जाणारी पद्धत आहे. तीत धान्ये, साखर व कंदमुळे यांचे आहारातील प्रमाण कमी केले जाते आणि त्याच काळात नियमित धावण्याचा व्यायाम केला जातो. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असलेल्या आहारास सामान्यतः अल्पकर्बोदकी म्हणतात. हे प्रमाण २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली आणल्यास यकृत मेदापासून किटोन द्रव्ये मोठ्या प्रमाणावर तयार करू लागते. अशा आहारास किटोजनिक आहार असे नाव आहे. आहारनियंत्रण आणि व्यायाम ही दोन्ही साधने जुनी असली, तरी त्यांची ही विशिष्ट सांगड वादग्रस्त ठरली आहे, कारण वेगाने धावताना स्नायू जे इंधन प्रामुख्याने वापरतात तेच या आहारात कमी केलेले असते.

शरीरातील इंधनसाठे

कर्बोदके शरीरात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवली जातात. प्रौढ व्यक्तीच्या स्नायूंत सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. त्यातून मिळणारी ऊर्जा साधारण २,००० किलोकॅलरी, म्हणजे लांब पल्ल्याच्या धावेत दोन-तीन तासांत संपण्याजोगी असते. याउलट सडपातळ माणसाच्या शरीरातही काही किलो मेद असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमपासून ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते.

मेदाचा साठा इतका मोठा असूनही तो हवा तितक्या वेगाने वापरता येत नाही. सावकाश धावताना मेदाचा वाटा मोठा असतो. वेग वाढेल तसा तो घटतो आणि कर्बोदकांचा वाढतो. शिवाय तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये मेदापासून मिळणारी ऊर्जा कर्बोदकांच्या तुलनेत सुमारे ७ टक्क्यांनी कमी असते. रमतगमत धावणाऱ्यास हा फरक जाणवत नाही, शर्यतीत उतरणाऱ्यास जाणवतो.

इतिहास

लंडनमधील अंत्यसंस्कार व्यावसायिक विल्यम बँटिंग याने १८६३ मध्ये साखर, पाव व बटाटे सोडून आपले वजन कसे घटले, हे सांगणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या १९७२ मधील पुस्तकाने हीच कल्पना नव्याने लोकप्रिय केली. किटोजनिक आहाराचा उगम मात्र वजनाशी संबंधित नाही. १९२१ मध्ये मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर यांनी तो अपस्मारावरील उपचार म्हणून सुचवला होता.

क्रीडाविज्ञानाचा प्रवाह उलट दिशेने गेला. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन यांनी स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासून ग्लायकोजेनचा साठा आणि दमसास यांचा संबंध दाखवला. तेव्हापासून मॅरेथॉनपूर्वी भरपूर कर्बोदके खाण्याची प्रथा रूढ झाली. दक्षिण आफ्रिकेचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ टिम नोक्स यांनी धावण्यावरील आपल्या गाजलेल्या ग्रंथात (१९८५) याच प्रथेचा पुरस्कार केला होता. मात्र स्वतःला टाइप २ मधुमेह असल्याचे आढळल्यावर त्यांनी ते मत जाहीरपणे मागे घेतले आणि ते अल्पकर्बोदकी आहाराचे प्रमुख प्रचारक बनले.

वजनावरील परिणाम

हा आहार सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारी मोठी घट मुख्यतः पाण्याची असते. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेले असते. साठा रिकामा होताना हे पाणी बाहेर पडते, तसेच इन्सुलिनची पातळी उतरल्याने मूत्रपिंडे अधिक मीठ व पाणी उत्सर्जित करतात. दीड-दोन किलो वजन असे झपाट्याने उतरते आणि एखाद्या लग्नाच्या पंगतीनंतर तितक्याच झपाट्याने परतही येते. या चढउताराचा मेदाशी फारसा संबंध नसतो. अनेकांचा पहिल्या आठवड्यातील उत्साह आणि तिसऱ्या आठवड्यातील निराशा, या दोहोंचे मूळ यात आहे.

दुसरा गैरसमज ‘मेद जाळणे’ या शब्दप्रयोगातून येतो. धावताना स्नायूंनी मेद वापरला म्हणजे शरीरातील एकूण मेद कमी झालाच, असे नाही. अल्पकर्बोदकी आहारात मेदाचे सेवन वाढलेले असते. वापरला गेलेला मेद ताटातून आलेला असू शकतो. दिवसभरात व आठवडाभरात खर्च झालेली ऊर्जा घेतलेल्या ऊर्जेपेक्षा अधिक असेल तरच साठा घटतो.

धावण्याचा वाटा साध्या हिशेबाने काढता येतो. एक किलोमीटर धावण्यास शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे १ किलोकॅलरी लागते. ७० किलो वजनाच्या व्यक्तीला ५ किलोमीटरसाठी साधारण ३५० किलोकॅलरी लागतात. ज्वारीच्या दोन मोठ्या भाकऱ्यांत जवळपास तेवढीच ऊर्जा असते. एक किलो शारीरिक मेदात सुमारे ७,७०० किलोकॅलरी असल्याने केवळ धावून तो घटवण्यास अशा बावीस धावा लागतील, आणि तेही भूक वाढून जास्त खाल्ले गेले नाही तर. म्हणून वजन उतरवण्यात आहाराचा वाटा मोठा असतो. व्यायामाचा उपयोग उतरलेले वजन टिकवण्यात आणि हृदय व स्नायूंच्या क्षमतेत अधिक दिसतो.

कर्बोदके कमी करणे हा मेद कमी करण्यापेक्षा सरस मार्ग आहे का, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील ख्रिस्तोफर गार्डनर व सहकाऱ्यांनी ६०९ प्रौढांवर तपासले (२०१८). बारा महिन्यांनंतर अल्पमेदी गटाचे वजन सरासरी ५.३ किलोने आणि अल्पकर्बोदकी गटाचे ६.० किलोने घटले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा नव्हता. दोन्ही गटांत व्यक्तिगणिक तफावत मात्र प्रचंड होती. प्रथिनांमुळे भूक लवकर शमते, हा अल्पकर्बोदकी आहाराचा व्यवहारातील मुख्य लाभ मानला जातो.

धावण्याच्या क्षमतेवरील परिणाम

पहिले काही आठवडे पाय जड वाटणे, डोके दुखणे व नेहमीचा वेग न राखता येणे ही सामान्य लक्षणे आहेत. त्यांतील काहींचे कारण शरीरातून गेलेले मीठ हे असते.

स्टीफन फिनी यांनी १९८३ मध्ये पाच सायकलपटूंना चार आठवडे किटोजनिक आहार दिला. मध्यम तीव्रतेवर थकेपर्यंतचा त्यांचा सरासरी वेळ जवळजवळ तोच राहिला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जेफ व्होलेक यांच्या अभ्यासात अतिदीर्घ पल्ल्याच्या वीस खेळाडूंची तुलना झाली. अल्पकर्बोदकी आहारास सरावलेले खेळाडू मिनिटाला सरासरी १.५४ ग्रॅमपर्यंत मेद वापरत होते, तर इतर ०.६७ ग्रॅमपर्यंत. मात्र मेद अधिक वापरणे म्हणजे अधिक वेगाने धावणे नव्हे. ऑस्ट्रेलियातील लुईस बर्क यांनी २०१७ मध्ये जलदचाल स्पर्धकांवर केलेल्या प्रयोगात अल्पकर्बोदकी गटाचा मेदवापर वाढला, पण त्याच वेगासाठी ऑक्सिजनही अधिक लागला. कर्बोदके घेणाऱ्या गटाची १० किलोमीटरची वेळ सरावानंतर सुधारली, या गटाची सुधारली नाही.

वजन घटवण्यासाठी आठवड्यातून तीन-चार वेळा सावकाश धावणाऱ्यास या उणिवेची फारशी झळ बसत नाही. काही धावपटू त्यामुळे मधला मार्ग घेतात: सावकाश धावेच्या दिवशी कर्बोदके कमी आणि वेगवान किंवा लांब धावेच्या दिवशी पुरेशी.

भारतीय आहारात

भारतीयांच्या आहारात ६० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कर्बोदकांतून येते. ज्वारी असो, बाजरी असो वा गहू, शंभर ग्रॅम पिठात सुमारे ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात. त्यामुळे पोळीऐवजी भाकरी खाल्ल्याने आहार अल्पकर्बोदकी होत नाही. शाकाहारींची अडचण वेगळी आहे. त्यांच्या प्रथिनांचा मुख्य स्रोत असलेल्या डाळी व कडधान्यांतच निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांचा असतो. पनीर, सोयाबीन, शेंगदाणे, दही व पालेभाज्या हे त्यावरचे पर्याय आहेत. शेंगदाण्यांत ऊर्जा भरपूर असल्याने ते मोजूनच खावे लागतात. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसारित केलेली दोन वेळा जेवण व ४५ मिनिटे चालण्याची पद्धत या आहाराशी अनेकदा एकरूप समजली जाते, परंतु तिचा भर जेवणांच्या संख्येवर आहे.

धोके व दक्षता

इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील औषधे घेणाऱ्या मधुमेहींनी मात्रा न बदलता कर्बोदके घटवून धावल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधे घेणाऱ्यांत रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही किटोॲसिडोसिस होऊ शकतो. मळमळ, पोटदुखी व धाप ही त्याची लक्षणे सरावाचा थकवा समजून दुर्लक्षिली जाण्याची शक्यता असते. रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्राही अनेकदा कमी करावी लागते. असे बदल डॉक्टरांच्या देखरेखीखालीच केले जातात. गरोदर व स्तनदा स्त्रिया, मूत्रपिंडविकार असलेले रुग्ण आणि वाढत्या वयातील मुले यांना हा आहार परस्पर सुरू करण्याचा सल्ला दिला जात नाही.

खाणे फार कमी आणि धावणे फार जास्त झाल्यास स्त्रियांत मासिक पाळी अनियमित होते, हाडांची घनता घटते व ताणामुळे हाडाला बारीक तडे जाऊ शकतात. पुरुषांतही संप्रेरकांची पातळी खालावते. काही व्यक्तींत, विशेषतः सडपातळांत, या आहाराने एलडीएल कोलेस्टेरॉल बरेच वाढते, म्हणून काही महिन्यांनी रक्ततपासणी सुचवली जाते. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येत असल्याने जास्त वजनाच्या नवशिक्यांसाठी भरभर चालण्यापासून सुरुवात करून मध्येमध्ये एक-दोन मिनिटे धावणे, हा क्रम वापरला जातो.