अंगणातल्या येझदीला घरच्या घरी नवा रंग

सांगलीतल्या त्या घराच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, 1984 सालची येझदी उभी होती. तिच्यावर एक जुनी चादर आणि चादरीवर कांद्याची रिकामी पोती. मोठा मुलगा बंगळूरहून फोनवर दर महिन्याला सांगे, "बाबा, भंगारवाल्याला देऊन टाका. जागा तरी मोकळी होईल." बाबा हो म्हणत आणि विषय बदलत. नगरपालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी तीस वर्षे याच गाडीवर बसून गावातले व्हॉल्व्ह उघडले-मिटवले होते. आता गुडघ्यामुळे किक मारणे जमत नव्हते, तरी रविवारी चादर काढून गाडी पुसणे चालूच होते.

2023 च्या दिवाळीनंतर प्रश्न अचानक ऐरणीवर आला. फेब्रुवारीत नोंदणीची मुदत संपत होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी परिवहन कार्यालयात नेऊन, तपासून घेऊन तिचे नूतनीकरण करावे लागते. या गाडीची अडचण वेगळीच होती. नोंदणीपुस्तकात रंग लिहिला होता मरून आणि गाडी होती आकाशी निळी!

हा निळा रंग बाबांच्याच हातचा. 2020 च्या टाळेबंदीत घरात बसून काय करायचे, म्हणून खिडक्यांच्या गजांसाठी आणलेल्या ऑइल पेंटचा उरलेला डबा त्यांनी ब्रशने गाडीला फासला होता. जवळून पाहिले तर ब्रशचे केसही त्यात चिकटलेले दिसत. आईने तेव्हा एवढेच म्हटले होते, "गाडी आहे की खिडकी?"

धाकटी मुलगी तेवीस वर्षांची, बी. कॉम. होऊन एका सी. ए. कडे काम शिकणारी. गाडी ठेवायची असेल तर तिने चालवायची, असे घरात न बोलता ठरल्यासारखे होते. गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगचा भाव विचारला, तो नऊ हजार निघाला. भंगारवाला त्याहून कमीच देत होता. हिशेब कोणत्या बाजूने करावा तेच कळेना. शेवटी मुलीने सांगितले, "रंग मी देते. स्प्रेच्या कॅनने."

रंग आधी कागदावर पाहावा

भावाने लगेच फोनवर सुचवले, "मॅट काळा दे, भारी दिसेल." पण रंगाची निवड आवडीवर सोडता येत नाही. गाडीचा रंग नोंदणीपुस्तकातला एक तपशील असतो. तो बदलायचा तर परिवहन कार्यालयाला कळवून नोंदही बदलून घ्यावी लागते. मूळचाच रंग पुन्हा दिला तर हे सारे टळते. लष्करी हिरवा रंग मात्र कितीही आवडला तरी देऊ नये. तो संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेला आहे. तेव्हा मरूनच ठरला आणि बाबांचा चेहरा खुलला. म्हैसूरच्या यादवगिरी भागातल्या आयडियल जावा कारखान्यातून 1961 पासून या गाड्या बाहेर पडत. 1973 पासून त्या येझदी नावाने ओळखल्या जाऊ लागल्या आणि 1996 मध्ये कारखाना बंद झाला. किक आणि गिअर यांचा दांडा एकच, हे या गाडीचे वैशिष्ट्य. पाहुण्यांना ते दाखवण्याची बाबांची हौस अजून फिटलेली नाही.

मुलीने दोन कॅन प्रायमर, चार कॅन मरून, निरनिराळ्या नंबरांचे पॉलिश पेपर आणि वॉटर पेपर, पुट्टीचा एक डबा (रंगारी तिला लांबी म्हणतात) आणि मास्क आणले. साधारण 400 मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये चौरस मीटर-दीड मीटर जागा झाकते असे धरावे. पेट्रोलची टाकी, दोन मडगार्ड आणि बाजूचे दोन डबे यांना एवढे पुरते. चेसिस काळाच होता, त्याला हात लावला नाही.

पहिला रविवार वाया

घाई नडली. निळ्या रंगावरून वरवर पॉलिश पेपर फिरवून तिने थेट मरून मारला. दहा मिनिटे टाकी नव्या नवरीसारखी चमकली. मग पाहता पाहता तिच्यावर सुरकुत्या पडू लागल्या, दुधावरची साय गोळा व्हावी तशा. तासाभरात सगळी टाकी आक्रसून गेली.

कारण साधे होते. कॅनमधल्या रंगात झपाट्याने उडून जाणारे जहाल द्रावक असते. खालचा रंग ब्रशने लावलेला ऑइल पेंट असेल, तर ते द्रावक त्यात मुरते, त्याला फुगवते आणि पत्र्यापासून उचलते. जुन्या रंगाची खात्री नसेल तर एका कोपऱ्यावर थिनरचा बोळा मिनिटभर दाबून पाहावा. रंग मऊ पडला, सुरकुतला किंवा बोळ्याला लागला, तर तो सगळा काढण्यावाचून गत्यंतर नाही.

मुलगी पायरीवर रडकुंडीला येऊन बसली. बाबा तिच्याशेजारी टेकले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. निळा रंग त्यांनीच फासला होता, हे त्यांना आठवत असणार. मग म्हणाले, "खरवडू या. मी पण बसतो."

खरवडण्यापूर्वी टाकी नीट उतरवली गेली. ही पायरी कुणीही गाळू नये. पेट्रोलचा कॉक बंद करून नळी काढली, उरलेले पेट्रोल झाकणाच्या डब्यात ओतले आणि टाकी उघड्या तोंडाने दोन दिवस अंगणात ठेवली. पेट्रोलने भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली वाफ अधिक घातक असते, कारण हवेत मिसळलेली ती वाफ एका ठिणगीसरशी भडकते. या दोन दिवसांत आईने संध्याकाळची निरांजन मागच्या दाराला न नेता पुढच्या खोलीतच लावली. टाकी खरवडताना आणि रंगवताना तिचे तोंड चिंधीने घट्ट बंद करावे, हेही सांगायला हवे.

पेंट रिमूव्हर हा मुरंब्यासारखा दाट पदार्थ ब्रशने थापला, की रंगाला फोड येतात आणि तो पत्र्याच्या पट्टीने निघतो. हातात रबरी मोजे हवेतच. कातडीवर थेंब पडला तर आग होते. जुन्या गाड्यांच्या रंगात शिशाचा अंश असू शकतो, म्हणून उरलासुरला रंग कोरडा न घासता वॉटर पेपरने ओला घासावा. धूळ उडत नाही आणि नाकातही जात नाही.

निळ्याखाली काळा निघाला, काळ्याखाली मूळचा मरून. आणि टाकीच्या उजव्या बाजूला, रंगाच्या थरांनी निम्मी बुजलेली, रुपयाएवढी एक खोच.

मुलीने लांबीचा डबा उघडला. बाबांनी तिचा हात धरला. "ती राहू दे."

1998 सालची गोष्ट. मुलगा चार वर्षांचा होता. खेळता खेळता त्याने गाडीचे स्टँड पाडले आणि येझदी पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर आदळली. पोराला खरचटलेही नाही, पण बाबांनी त्याला छडीने मारले. त्यांनी मुलांवर हात उचलला तो तेवढा एकदाच. तो आवाज ऐकून आजी घरातून धावत आली होती, असे आईने सांगितले. मुलीला यातले काहीच ठाऊक नव्हते. ती तेव्हा जन्मलीही नव्हती.

डबा तसाच मिटून दुकानदाराला परत गेला.

एक वीत अंतर

उघडा पत्रा फार वेळ ठेवू नये. सांगलीच्या डिसेंबरातही नदीकाठचे दव असते आणि एका रात्रीत पत्र्यावर तांबूस गंज धरतो. म्हणून ज्या दिवशी टाकी साफ झाली, त्याच दिवशी तिला प्रायमर बसला. त्याआधी थिनरच्या फडक्याने ती पुसून घेतली आणि मग कुणी बोट लावले नाही. आपल्याकडे डोक्याला खोबरेल लावायची सवय. तोच हात पत्र्याला लागला तर तेवढ्या जागी रंग धरत नाही, गोल गोल डोळे पडतात.

प्रायमरचे दोन पातळ हात, मध्ये पंधरा मिनिटे. रात्रभर वाळवून दुसऱ्या दिवशी साबणाच्या पाण्यात भिजवलेला 600 नंबरचा वॉटर पेपर हलक्या हाताने फिरवला. हाताला काचेसारखे लागले पाहिजे. खरे कौशल्य इथेच आहे. कॅनमधून उडणारा रंग इतका पातळ बसतो, की तो खालचा एकही ओरखडा झाकत नाही, उलट उठून दाखवतो.

मग रंगाचा रविवार. पहाटे अंगणात पाणी शिंपडून धूळ बसवली आणि वारा पडलेला पाहून नऊच्या सुमारास काम सुरू झाले. पावसाळ्यात हे काम काढूच नये. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंग पांढुरका दिसू लागतो. थंडीत कॅन कोमट पाण्यात काही मिनिटे ठेवला तर फवारा चांगला उडतो. पाणी हाताला सोसवेल एवढेच कोमट असावे. कॅन गॅसजवळ किंवा भर उन्हात ठेवणारे लोक आहेत. त्यांनी डब्यावरचा इशारा एकदा वाचावा. आतला वायू ज्वलनशील असतो आणि दाबाखाली असतो.

कॅन आधी हलवायचा. आतली गोळी खडखडू लागल्यावर आणखी दोन मिनिटे हलवायचा. कॅन आणि टाकी यांत एक वीत अंतर, म्हणजे आठ-नऊ इंच. जवळ गेले तर ओघळ येतात, लांब गेले तर रंग हवेतच वाळून खरखरीत बसतो. फवारा टाकीच्या बाहेर सुरू करायचा आणि पलीकडे बाहेरच सोडायचा. हात मध्येच थांबला की तिथे रंग साचलाच. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. पहिला हात इतका विरळ, की खालचा राखाडी रंग दिसत राहावा. मन धजत नाही, पण तसेच करावे. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने असे चार हात झाले.

एक ओघळ आलाच. बाबा पुसायला धावले, तिने अडवले. ओला ओघळ पुसला तर डाग वीतभर पसरतो. तो दोन दिवस वाळू देऊन वॉटर पेपरने घासून काढला आणि तेवढ्या जागी पुन्हा एक हलका हात दिला. काम संपल्यावर कॅन उलटा धरून नुसता वायू बाहेर येईपर्यंत दाबला, म्हणजे तोंड तुंबत नाही.

फवारा किती लांब जातो याचा अंदाज मात्र कुणालाच आला नव्हता. शेजारच्या काकूंच्या दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या. दुपारी त्या चादर घेऊनच आल्या. "वहिनी, होळीला अजून तीन महिने आहेत ना?" आईने दोन नव्या चादरी आणून दिल्या. एकूण खर्चात त्याही धरायला हव्यात.

कुठे थांबावे

साध्या कॅनच्या रंगाचा एक मोठा दोष म्हणजे त्याला पेट्रोल सोसत नाही. टाकी भरताना दोन थेंब सांडले तरी रंग विरघळतो. त्यावर हार्डनर असलेल्या लॅकरचा थर हवा. तसे कॅनही मिळतात. तळाची पिन दाबली की आत हार्डनर मिसळतो आणि मग तो कॅन त्याच दिवशी संपवावा लागतो. पण त्यातले आयसोसायनेट फुफ्फुसाला फार वाईट. त्याने दमा जडू शकतो आणि धुळीचा साधा मास्क त्याला अडवत नाही. अंगणात, घरच्या माणसांमध्ये हे काम करू नये. मुलीने इथे शहाणपणा केला. रंगवलेले सुटे भाग चादरीत गुंडाळून तिने गॅरेजमध्ये नेले आणि फक्त लॅकर मारून घेतले. त्याचे बाराशे पडले. चादरी, लॅकर, वाया गेलेले कॅन असे सगळे धरून हिशेब साडेपाच हजारांच्या आत राहिला. घासाघाशीची मजुरी कुणी लावली नाही.

राहिल्या टाकीवरच्या सोनेरी रेघा. त्या कॅनने येत नाहीत. बुलेटच्या टाकीवरच्या रेघाही चेन्नईच्या कारखान्यात वर्षानुवर्षे कारागीर हातानेच ओढत आले. बाबांना गावातला एक जुना बोर्ड-पेंटर आठवला. फ्लेक्सचे फलक आल्यापासून त्याच्याकडे काम नव्हते. आता तो मुलाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. लांब केसांचा ब्रश घेऊन तो आला, करंगळी टाकीवर टेकवली आणि श्वास रोखून एका दमात रेघ ओढली. उजव्या बाजूला खोच आली तेव्हा त्याने विचारले, "वरून घेऊ की वळसा घालू?"

"वळसा," बाबा म्हणाले.

पैसे घ्यायला तो तयार नव्हता. चहा दोनदा झाला. शेवटी त्याने रेघांचे दोनशे घेतले.

नूतनीकरणाच्या तपासणीला गाडी मुलीनेच नेली. अधिकाऱ्याने चेसिसचा नंबर पाहिला, दिवा-हॉर्न पाहिला, पुस्तकातल्या मरूनवर बोट ठेवून गाडीकडे एक नजर टाकली आणि पान उलटले. त्या रात्री व्हिडिओ कॉलवर भावाला गाडी दाखवली गेली. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "उजवी बाजू दाखव." मुलीने फोन टाकीजवळ नेला. बंगळूरहून काही क्षण आवाज आला नाही.

"बुजवली नाहीत होय," तो म्हणाला. "बाबा कुठे आहेत? त्यांना फोन दे."

बाबा अंगणातच होते. पेट्रोल भरताना टाकीच्या तोंडाशी धरायला एक मऊ फडके शोधत होते.