विश्लेषण : मासे जमवणारे ‘फॅड’ छोट्या मच्छीमाराला तारेल?

प्रशांत महासागरातील वानुआतू, सोलोमन बेटे, किरिबाटी या देशांत मासळी हेच रोजचे जेवण. पण प्रवाळ खडकांतली मासळी वाढत्या लोकसंख्येला पुरेनाशी झाली आहे. खडकांपलीकडच्या खोल पाण्यात कुपा (टूना) आहे, मात्र तो एका जागी थांबत नाही. त्याच्यामागे फिरायचे तर लहान होडीवाल्याची मिळकत इंधनातच जाते. त्यामुळे हे देश किनाऱ्याजवळ ‘फॅड’, म्हणजे मासे जमवणारी साधने, नांगरून ठेवू लागले आहेत.

फॅड काम कसे करते?

तळाशी सिमेंटचे ठोकळे, त्यांना बांधलेला शेकडो मीटर लांबीचा दोर, वर तरंगते बोये आणि पाण्यात लोंबणाऱ्या नारळाच्या झावळ्या. या आडोशाला लहान मासे येतात, पाठोपाठ मोठे. तरंगत्या ओंडक्याखाली मासे जमतात, हे मच्छीमारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फिलिपिन्समध्ये बांबूच्या अशा तराफ्याला ‘पयाओ’ म्हणतात. (ते नेमके का जमतात, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.)

खरी खुबी दोरात आहे. वरचा भाग बुडणाऱ्या नायलॉनचा, खालचा तरंगणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनचा. त्यामुळे दोराचा ढिला भाग अधेमधेच राहतो. तो वर येऊन होडीच्या पंख्यात अडकत नाही आणि तळाच्या खडकावर घासून झिजतही नाही.

मग अडचण कुठे?

एवढे करूनही वादळात किंवा जहाजाच्या धक्क्याने दोर तुटतो. काही फॅड वर्षानुवर्षे टिकतात, काही महिन्यांतच वाहून जातात. परदेशी निधीतून टाकलेले फॅड तुटले आणि प्रकल्पही संपला, तर नवे कोण टाकणार? म्हणूनच रस्ता किंवा जेटीप्रमाणे फॅडसाठीही सरकारने कायम तरतूद ठेवावी, असा तज्ज्ञांचा आग्रह आहे.

दुसरा प्रश्न जाळ्यांचा. गळ टाकणारा होडीवाला मोजके मासे काढतो. मोठी पर्ससीन जहाजे मात्र उपग्रहाशी जोडलेले, खाली किती मासे आहेत ते कळवणारे तरंगते फॅड सोडतात आणि अख्खा थवा उचलतात, त्यात पूर्ण वाढ न झालेली पिल्लेही येतात. पश्चिम व मध्य प्रशांतात म्हणूनच या जहाजांना दर वर्षी ठरावीक काळ फॅडवर मासेमारीची बंदी असते. कोकणातला पर्ससीनचा वाद ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही.

भारतातला अनुभव काय?

कर्नाटकाच्या किनाऱ्यावर नारळाच्या झावळ्या-पोयांचे फॅड टाकून माकूल पकडली जाते. पण माकूल तिथे येते ती अंडी घालायला. गळाला लागते ती नेमकी विणीची माकूल, आणि अंडी त्या झावळ्यांवरच चिकटलेली राहतात. ट्रॉलरवाल्यांशी यावरून खटकेही उडाले आहेत.