राहिलेली पदवी आणि दिवसाचे तास

"एफ. वाय. झालं, पुढं राहिलं ते राहिलंच," असे म्हणणारा एक तरी माणूस तुमच्या गावात असेल. कदाचित ते तुम्ही स्वतःच असाल. त्याला वाटते, आता आपले डोके चालायचे नाही. नोकरदारांचे रविवारचे वर्ग मी घेतो, त्यावरून सांगतो: डोके चालते; चुकतो तो तासांचा हिशेब.

तो मांडून पाहू. तीन वर्षांच्या पदवीला आज १२० श्रेयांक लागतात. एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. वाचन, वर्ग, स्वाध्याय सारे धरून. म्हणजे झाले ३,६०० तास. तीन वर्षांत संपवायचे तर रोज सव्वातीन तास हवेत, एकही दिवस न चुकता. सुगी, लग्नसराई, पोराचा ताप, यांतून ते कोण काढणार? पण १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ याच पदवीला सहा वर्षांपर्यंत मुदत देते. मग रोज पावणेदोन तासही पुष्कळ झाले! मराठीतून शिकायचे तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच.

माझ्या वर्गात एस. टी. चे एक कंडक्टर येतात. पहिल्या वर्षी त्यांनी सगळे पेपर एकदम दिले आणि निम्म्यांत नापास झाले. "सर, गंजलो आम्ही," म्हणाले. मी त्यांना आठवड्याची ड्यूटी कागदावर लिहून आणायला लावली. पाहतो तो काय, मुक्कामी गाडीच्या तीन रात्री अगदी मोकळ्या! अभ्यास त्या रात्रींवर बसविला. परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये अशी दोनदा होते. म्हणून पेपरही वाटून घेतले.

स्वाध्याय मात्र टाळू नका हो. त्यांना साधारण ३० टक्के गुण असतात, आणि ते वेळेवर न दिल्याने पेपर चांगला जाऊनही अडकलेली माणसे मी पाहिली आहेत. दुसरे असे, की श्रेयांक साठविणारी पेढी २०२१ साली निघाली. पण त्याआधीचे तुमचे एफ. वाय. तीत जमा होत नाही. प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी अभ्यासकेंद्रावर हे विचारून घ्या.

आमच्या कंडक्टरांचे आता दोनच पेपर उरले आहेत. मुक्कामाच्या गावी वीज गेली, की गाडीतला दिवा लावून वाचतो, असे परवा सांगत होते. ड्रायव्हर कुरकुरतो म्हणे, बॅटरी उतरते म्हणून.